काट्यावरची उडी

गेल्या अंकात लोड सेलबद्दलच्या, म्हणजे भार विजेच्या संकेतात बदलणाऱ्या सेन्सरबद्दलच्या, एका प्रश्नाला उत्तर देताना मी ओघात लिहून गेले होते, की साखर कारखान्यावर उसाची ट्रॉली ज्या सेन्सरवर तोलली जाते, त्याच जातीच्या सेन्सरवर बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीची उडीही मोजता येते. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. माझ्या आयुष्यातल्या दोन आवडी त्या वाक्यात एकत्र आल्या होत्या. नोकरीची पहिली चार वर्षं मी कारखान्यांचे वजनकाटे कॅलिब्रेट करत, म्हणजे त्यांचे आकडे पडताळून नीट लावत, फिरले आणि पुढे पॉलिटेक्निकमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन शिकवलं. त्याच्याही आधी, गुडघा जाईपर्यंत, विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळले. म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : ताई, माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. पाच वर्षं बास्केटबॉल खेळते. दिवाळीनंतर अकादमीत सेन्सरच्या मॅटवर सगळ्या मुलींच्या उड्या मोजल्या. हिची २७ सेंटिमीटर आली, मैत्रिणीची २९. गेल्या वर्षी हिचीच २८ होती. हिला ‘ब’ तुकडीत टाकलं. ‘मशीन खोटं बोलत नाही,’ असं सर म्हणाले. तेव्हापासून मैदानावर जायची वेळ झाली की तिचा चेहरा उतरतो. मशीन खरंच चुकत नाही का? – एक आई, सातारा

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी मशीनबद्दल सांगते, मग तुमच्या मुलीबद्दल.

त्या मॅटमध्ये उंची मोजणारं काहीच नसतं. ती एक मोठी, पसरट स्विच असते. पाय टेकलेले असले की सर्किट जोडलेलं, पाय सुटले की तुटलेलं. यंत्र मोजतं ती फक्त वेळ, म्हणजे पाय किती वेळ जमिनीला नव्हते. त्या वेळेचा वर्ग करायचा, ९.८१ ने गुणायचं आणि ८ ने भागायचं, की उंची मीटरमध्ये मिळते. २७ सेंटिमीटरच्या उडीला ०.४६९ सेकंद लागतो, २९ च्या उडीला ०.४८६. दोघी मैत्रिणींमध्ये फरक आहे तो सेकंदाच्या हजार भागांपैकी फक्त सतरा भागांचा. पापणी लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

हे सूत्र एक गोष्ट गृहीत धरतं. पाय जसे सरळ सुटले तसेच सरळ टेकले पाहिजेत. एखादी मुलगी हवेतून खाली येताना गुडघे थोडे वर ओढून उतरली, तर तिचे पाय उशिरा टेकतात. मॅटला वाटतं ही जास्त वेळ उंचावर होती, आणि दोन सेंटिमीटर सहज वाढून मिळतात. कोणी लबाडी करायला हवी असं नाही, काहींची उतरण्याची सवयच तशी असते. हात कमरेवर ठेवले होते की झोका दिला होता, यानेही उडीत मोठा फरक पडतो. बूट होते की अनवाणी, एकच उडी घेतली की तीन, शाळेतून थेट आली होती की काही खाऊन, हेही विचारायला हवं. तीच मुलगी सोमवारी आणि गुरुवारी सारखी उडी मारत नाही. तेव्हा मशीन खोटं बोललं नाही, पण २७ आणि २९ मध्ये निवड करण्याइतकं ते काही बोललेलंही नाही. सरांना हे शांतपणे सांगा. माझं हे पान दाखवलंत तरी चालेल.

आता गेल्या वर्षीच्या २८ बद्दल. वर्षभरात तिची उंची किती वाढली, वजन किती वाढलं? या वयात हाडं आधी वाढतात, स्नायूंची ताकद मागून येते. नव्या लांबीच्या पायांची शरीराला सवय व्हायला काही महिने जातात. समजा, ४६ किलोची मुलगी ५१ किलोची झाली आणि उडी जवळपास तेवढीच राहिली, याचा अर्थ ती आता पाच किलो जास्त वजन तेवढंच वर उचलते आहे. याला मी प्रगती म्हणते. गुणपत्रिकेत मात्र हे कुठे दिसत नाही.

आणखी एक सांगते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे पी-थ्री नावाची प्रयोगशाळा आहे. एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, येऊ घातलेले शेकडो खेळाडू तिथे फोर्स प्लेटवर, म्हणजे पायाखालचा जोर मोजणाऱ्या फळीवर, उड्या मारून गेले आहेत. स्लोव्हेनियाचा लुका डॉन्चिच हा आजच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक. त्याची उभी उडी त्या मंडळींच्या मानाने साधारणच भरते. पण पूर्ण वेगात असताना झटक्यात थांबणं, म्हणजे आपलं सगळं शरीर ब्रेक लावल्यासारखं रोखणं, यात तो वरच्या रांगेत निघाला. समोरचा बचावपटू वेगाच्या भरात पुढे निघून जातो आणि हा एकटा मोकळा उभा राहतो. ही ताकद मॅटवरच्या सरळ उडीत कधीच दिसली नसती. तुमची मुलगी थांबते कशी, वळते कशी, हे कोणी मोजलं का?

मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती उतरण्याची. १९८३ साली आंतरविद्यापीठ स्पर्धेत, सिमेंटच्या कोर्टवर, मी रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परतलेला चेंडू, घेऊन एका पायावर उतरले. कोणाचा धक्का लागला नव्हता. गुडघा आतल्या बाजूला वळला आणि वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज मी स्वतः ऐकला. मुरगळलाय म्हणून क्रेप बँडेज बांधलं, तीन आठवड्यांनी खेळायला सांगितलं. आतला लिगामेंट, म्हणजे हाडं जोडून ठेवणारा पट्टा, तुटला होता हे अकरा वर्षांनी एमआरआयमध्ये कळलं. आज आपल्याला माहीत आहे की हा लिगामेंट, एसीएल, मुलींमध्ये मुलांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात जातो. बहुतेक वेळा माझ्यासारखाच, कोणी न ढकलता. अशा दुखापतींचं चित्रीकरण तपासणाऱ्या अभ्यासकांना दिसलं, की पाय टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांतच सगळं होऊन जातं. इतक्या वेळात मेंदू काही सावरू शकत नाही. जे काही शिकायचं ते आधी, सरावात.

म्हणून अकादमीकडे एकच मागणी करा. मॅट बाजूला ठेवून मुलींना साध्या टेबलाच्या उंचीच्या निम्म्या बाकावरून खाली उतरवा आणि समोरून मोबाइलवर चित्रीकरण करा. गुडघे एकमेकांकडे झुकतात का? उतरताना धप्प आवाज येतो का? डाव्या-उजव्या पायात फरक दिसतो का? उडीच्या उंचीवर तुकडी ठरवायला वर्ष पडलंय, पण हे याच महिन्यात बघून घ्या. आणि मुलीला माझ्याकडून सांगा, २७ हा आकडा तिचा नाही, त्या दिवशीच्या त्या मॅटचा आहे.

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. प्रदर्शनासाठी बास्केटबॉल खेळाडूचा जोर मोजणारं यंत्र बनवायचं आहे. घरच्या डिजिटल वजनकाट्यावर उडी मारून पाहिली, आकडा नुसता नाचतो आणि शेवटी ‘एरर’ येतं. त्यातलेच सेन्सर काढून जमेल का? – विद्यार्थी, नांदेड

उत्तर : जमेल, आणि तू अगदी योग्य जागी हात घातला आहेस. घरच्या काट्याचं काम आकडा स्थिर झाला की दाखवणं. तुला हवा आहे तो स्थिर होण्याआधीचाच सगळा गोंधळ. सेन्सर तेच ठेव, बाकीची सर्किट आपण बदलू.

काट्याच्या चार कोपऱ्यांत चार लोड सेल असतात. प्रत्येकावर नागमोडी वळणांची बारीक धातूची पट्टी चिकटवलेली असते, तिला स्ट्रेन गेज म्हणतात. १९३८ मध्ये अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांना, एकमेकांना ठाऊक नसताना, ही युक्ती सुचली. वजन पडलं की लोखंड डोळ्यांना न दिसेल इतकं ताणतं, पट्टीही ताणते. तार लांब आणि बारीक झाली की तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. कारखान्याच्या काट्यात ३५० ओहमची गेज असते. पूर्ण भार आला तरी तिच्यात पाऊण ओहमाच्या आसपासच फरक पडतो. एवढासा फरक मल्टिमीटरने धड दिसणारही नाही, म्हणून चार रोधांचा व्हीटस्टन ब्रिज करतात, म्हणजे असा बारीक फरक पकडणारी जोडणी. तो तू बारावीच्या पुस्तकात शिकशील, पण प्रदर्शनासाठी आधीच शिकून घे. घरच्या काट्यातले सेल अर्ध्या ब्रिजचे असतात. चार मिळून एक पूर्ण ब्रिज होतो.

पुढे एचएक्स७११ नावाचा स्वस्त मॉड्यूल लाव, तो ब्रिजचा बारीक संकेत मोठा करून आकड्यांत बदलतो. त्याला ईएसपी३२ किंवा आर्डुइनो यांपैकी एखादा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड जोड. इथेच बहुतेक मुलं अडतात, म्हणून नीट लक्ष दे. हा मॉड्यूल बाजारातून येतो तेव्हा सेकंदाला फक्त १० वेळा मोजतो. उडीच्या जोरासाठी खाली बसून जमीन ढकलायला साधारण पाव ते तीन दशांश सेकंद लागतो. तेवढ्यात तुला दोन-तीन बिंदू मिळतील, आलेख कुठून निघणार? चिपची १५ नंबरची पिन पाहा. बऱ्याच मॉड्यूलवर ती ग्राउंडला जोडलेली असते. ती सोडवून शेजारच्या १६ नंबरला, म्हणजे सप्लायला जोडली की वेग ८० होतो. आमच्या वर्कशॉपमध्ये मुली हे काम भिंगाखाली, शिवणकामाच्या सुईने पिन उचलून करायच्या. हात थरथरला तर पिन मोडते, म्हणून दोन मॉड्यूल आण.

८० वेळा म्हणजे दर साडेबारा मिलिसेकंदांनी एक बिंदू. उडी मारतानाचा आलेख यात छान उतरतो. उतरतानाचा मात्र नाही. वरच्या पत्रात मी ४० मिलिसेकंद लिहिले आहेत, तेवढ्यात तुझ्याकडे तीनच बिंदू येतील आणि खरा शेंडा त्यांच्या मधून निसटेल. प्रयोगशाळेतल्या फोर्स प्लेट सेकंदाला १००० वेळा मोजतात ते याचसाठी. दुसरी अडचण भाराची. घरच्या काट्यातला एक सेल ५० किलोचा, चार मिळून २००. साठ किलोचा मुलगा उडीवरून उतरताना वजनाच्या तीन-चारपट सहज देतो, जोरात उतरला तर आणखी जास्त. सेल वाकून कायमचे निकामी होतील. म्हणून नियम कर : उडी काट्यावरून मारायची, उतरायचं शेजारच्या, काट्याच्याच उंचीच्या गादीवर. तेवढं पुरेसं आहे.

आता कॅलिब्रेशन. किराणा दुकानदाराकडे वैधमापनाचा शिक्का असलेली मापं असतात. विनंती करून वीस किलोचं माप तासभर आण. ते मधोमध ठेवून आकडा लिही, मग चारही कोपऱ्यांवर एकेकदा ठेव. पाचही आकडे जुळले पाहिजेत. कारखान्याच्या काट्यावर आम्ही अगदी हेच करायचो. एका कारखान्यावर, नाव नको, मागच्या डाव्या कोपऱ्यावर वजन नेलं की आकडा घटायचा. शेतकऱ्यांना काटामारीचा संशय होता. खाली उतरून पाहिलं तर त्या सेलखाली चिखल आणि पाचट घट्ट बसलं होतं, सेल वाकायलाच जागा नव्हती. हंगामभर त्या काट्यावर शेतकऱ्यांचं किती टन गेलं असेल, ते आठवलं की आजही मला चैन पडत नाही. तुझ्या फळीखाली खडा किंवा वायर अडकली तर तेच होईल. आणि फळी जाड घे, एक इंचाची प्लायवूड. पातळ फळी उडीनंतर स्वतःच थरथरते आणि ती थरथर तू खेळाडूचा जोर म्हणून मोजशील.

आता आलेख वाचू. साठ किलोची मुलगी शांत उभी आहे. रेषा ५८८ न्यूटनवर (न्यूटन हे जोराचं एकक, ६० गुणिले ९.८) सपाट आहे. ती उडीसाठी झपकन खाली बसते. तुला वाटेल जोर वाढेल. नाही, रेषा खाली जाते! शरीर खाली पडायला लागलं की काट्यावरचा दाब कमी होतो. लिफ्ट खाली सुटताना पोटात होतं ना, तेच. मग ती थांबते आणि जमीन ढकलते. रेषा चढत १२००-१३०० पर्यंत जाते, मग एकदम कोसळून शून्य. शून्य म्हणजे ती हवेत आहे. प्रदर्शनात येणाऱ्या प्रत्येकाला तो सुरुवातीचा खड्डा दाखव. बहुतेकांना तो अपेक्षित नसतो.

५८८ च्या रेषेवरचं क्षेत्रफळ घे, खालच्या खड्ड्याचं वजा कर. समज १५० न्यूटन-सेकंद आले. भागिले ६० किलो, म्हणजे जमीन सोडताना वेग २.५ मीटर दर सेकंद. वेगाचा वर्ग भागिले १९.६, म्हणजे उडी ०.३२ मीटर, बत्तीस सेंटिमीटर. मग ती काटा सोडल्यापासून गादीवर टेकेपर्यंत हवेत किती वेळ होती ते मोबाइलच्या स्लो-मोशन चित्रीकरणावरून पाहा. ०.५१ सेकंदाच्या आसपास यायला हवं. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की तुझं यंत्र खरं. नाही आलं तर चूक शोध, आणि ती शोधलेली चूक तक्त्यावर लिही. मी परीक्षक असते तर सगळ्यात जास्त गुण तिला दिले असते.

प्रश्न : २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचा किंग्ज विरुद्ध पेसर्स सामना पाहिला. डंक केल्यावर, म्हणजे उडी मारून चेंडू हाताने रिंगमध्ये कोंबल्यावर, रिंग खाली झुकते आणि पुन्हा वर येते. तिथे जोर मोजणारा सेन्सर असतो का? – एक वाचक, नागपाडा, मुंबई

उत्तर : नागपाड्याच्या वाचकाकडून बास्केटबॉलचा प्रश्न यावा याचा मला फार आनंद झाला. तुमच्या मोहल्ल्याने या खेळाला किती खेळाडू दिले!

रिंगमध्ये इलेक्ट्रॉनिक सेन्सर नाही, पण स्प्रिंग आहे, आणि स्प्रिंग हाही एक प्रकारचा काटाच. नियम आकड्यांत बांधलेला आहे. रिंगमागच्या काचेच्या बोर्डापासून सर्वांत दूरच्या टोकावर किमान ८२ आणि कमाल १०५ किलोचा स्थिर भार आला तरच रिंग सुटून झुकली पाहिजे. त्याहून कमी भाराला झुकली तर चेंडू लागूनही ती हलेल, जास्त लागला तर काच जाईल. काच जाणं ही कल्पना नव्हे. १९७९ च्या नोव्हेंबरमध्ये कॅन्सस सिटीत डॅरिल डॉकिन्सने डंक मारला आणि बोर्डाचे तुकडे खाली आले. तीन आठवड्यांनी त्याने आणखी एक बोर्ड फोडला. त्याच दशकात इलिनॉय राज्यात धान्याच्या कोठारावर काम करणारे आर्थर एरट हे गृहस्थ शेतीच्या कल्टिव्हेटरची स्प्रिंग घेऊन झुकणारी रिंग बनवत होते. त्यांना १९८२ मध्ये पेटंट मिळालं. नांगरटीच्या अवजारातली स्प्रिंग जगभरच्या रिंगांत गेली, ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगायचे.

आणि जोराचं म्हणाल, तर ९० किलोचा खेळाडू रिंगला धरून स्थिर लटकला तर ९० किलो. पण तो ४५ अंशांवरून झोका घेत खाली आला, तर झोक्याच्या तळाशी भार जवळजवळ १४३ किलोइतका होतो. झुकणारी रिंग नसती तर तो सगळा बोर्डाच्या काचेवर गेला असता.

प्रश्न : आमच्या काळी भिंतीवर खडूची खूण करून उडी मोजत. आता पोरांना तारा लावून मोजतात. या नव्या खुळाची खरंच गरज आहे का? – सेवानिवृत्त क्रीडाशिक्षक, बेळगाव

उत्तर : सर, नमस्कार. खडूची खूण उत्तमच होती. डडली सार्जंट यांनी १९२१ मध्ये ती चाचणी मांडली आणि शंभर वर्षं ती टिकली. आजही एखाद्या शाळेत काहीच नसेल तर मी तीच सांगते.

पण हे खूळ खडूपेक्षाही जुनं आहे. पॅरिसमध्ये एतिएन-ज्यूल मारे आणि त्यांचे सहकारी जॉर्ज देमेनी यांनी १८८० च्या दशकातच जमिनीवर दाब मोजणारा फलाट बांधला होता. त्यात वीज नव्हती. रबरी नळ्यांतली हवा दाबली जायची आणि त्या हवेने लेखणी हलून काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटायची. माणूस उडी मारताना आधी रेघ खाली जाते, हे त्यांना तिथेच दिसलं असणार. बास्केटबॉल तेव्हा जन्मलाही नव्हता, नेस्मिथ यांनी स्प्रिंगफील्डमध्ये पहिली टोपली टांगली ती १८९१ च्या डिसेंबरमध्ये. १८८० मध्ये क्युरी बंधूंना स्फटिक दाबला की वीज निघते हे सापडलं. त्याच तत्त्वावर स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमधल्या किस्टलर कंपनीने १९६९ मध्ये विकण्याजोगी फोर्स प्लेट आणली. खडू सांगतो मुलगा किती उंच गेला. प्लेट सांगते तो कसा गेला, कोणत्या पायावर जास्त रेलला आणि उतरताना काय सोसलं. दुखापतीतून परतणाऱ्या मुलाचा दुखरा पाय अजून काम टाळतो आहे, हे आपल्या डोळ्यांना कळत नाही सर, आणि मुलगा सांगत नाही, कारण त्याला खेळायचं असतं. मीही १९८३ मध्ये सांगितलं नव्हतं.

प्रश्न : शाळेच्या मुला-मुलींना शिकवतो. एक विक्रेता बुटात घालायचे सेन्सरचे सोल आणि छातीला बांधायचे पट्टे घेऊन आला आहे. ‘प्रत्येक उडीचा जोर थेट मोबाइलवर’ म्हणतो. संस्थेने थोडे पैसे दिले आहेत. घ्यावं का? – प्रशिक्षक, नागपूर

उत्तर : या वर्षी घेऊ नका, असं माझं मत आहे.

छातीच्या पट्ट्यात असतो तो त्वरणमापक. आपल्या फोनमध्येही तोच असतो. सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा, हलला की कळतो. तो सांगतो छातीचं त्वरण, म्हणजे तिचा वेग किती झपाट्याने बदलतो ते. जमिनीवर पडणारा जोर सांगायचा तर सगळं शरीर एकच दगड आहे असं मानावं लागतं, आणि खेळाडूचं शरीर तसं नसतं. पट्टा सैल असेल तर कापडाचं हलणंही त्यात मिसळतं. कोणी किती वेळा उडी मारली, सरावाचा ताण आठवड्यात एकदम किती वाढला, हे मोजायला तो उपयोगी आहे. न्यूटनमधला आकडा मात्र त्याच्याकडून घेऊ नका.

बुटातल्या सोलमध्ये दाब मोजणाऱ्या पातळ पट्ट्या असतात. त्या फक्त उभा दाब धरतात. बास्केटबॉलमध्ये वळताना, थांबताना जो आडवा जोर लागतो तो त्यांना दिसतच नाही, आणि गुडघ्याला घोर तो आडव्याचाच. शिवाय नागपूरचा मे महिना आठवा. बुटात घाम आणि उष्णता वाढली की स्वस्त पट्ट्यांचा आकडा हळूहळू सरकतो. विक्रेत्याला सांगा, एका मुलाला सोल घालून सरावाआधी एका पायावर स्थिर उभा करा, मग दीड तास खेळवून पुन्हा तसाच उभा करा. मुलाचं वजन फारसं बदललेलं नाही. दोन आकडे जुळले तर पुढचं बोलू. सेकंदाला किती वेळा मोजतो हेही विचारा. उत्तर १०० च्या आत आलं तर उतरण्याच्या झटक्याबद्दल त्याने काही दावा करू नये.

पैसे कशावर खर्च करू, विचाराल तर एका चांगल्या स्लो-मोशन फोनवर आणि तिपाईवर. सेकंदाला २४० चित्रं घेणारा फोन जमिनीलगत ठेवा. बोटं सुटल्याचं चित्र आणि टेकल्याचं चित्र यांच्यामधली चित्रं मोजा, २४० ने भागा, वरच्या आईंना सांगितलेल्या सूत्रात घाला. एका चित्राची चूक झाली तरी उडीत अर्धा सेंटिमीटरच फरक पडतो. साध्या ३० चित्रांच्या चित्रीकरणात तीच चूक चार सेंटिमीटरची होते, म्हणून स्लो-मोशनचा आग्रह धरा. हात कमरेवर, तीन उड्या, त्यांतला मधला आकडा घ्या, दर पंधरवड्याला त्याच वारी त्याच वेळी. प्रत्येक मुलाची वही वेगळी ठेवा आणि एकाची वही दुसऱ्यासमोर वाचू नका. एखाद्याची उडी त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा एकदम खाली आली, तर त्याला त्या दिवशी बसवा आणि झोप, ताप, घरचं काही, याची विचारपूस करा. मला या मोजणीचा सगळ्यात मोठा फायदा तोच वाटतो.

शेवटचा मुद्दा विक्रेत्याच्या मोबाइल अॅपचा. मुलांची माहिती कुठे साठते? एनबीएसारख्या पैशाच्या डोंगरावर बसलेल्या संघटनेतही २०१७ च्या करारात खेळाडूंनी लिहून घेतलं, की अंगावरच्या सेन्सरची माहिती पुढच्या कराराच्या बोलणीत वापरायची नाही. संघाने नियम मोडला तर दंड अडीच लाख डॉलरपर्यंत. सेन्सर घालायचा की नाही, हेही खेळाडूच ठरवतो. ती मोठी माणसं आहेत, वकील बाळगणारी. तुमच्याकडे बारा वर्षांची मुलं आहेत. तेव्हा काहीही मोजण्याआधी पालकांची सही घ्या, कागद मराठीत असू द्या, आणि मोजलेला आकडा कोण पाहील, तो किती दिवस ठेवाल आणि कशासाठी वापरणार नाही, या तिन्ही गोष्टी त्यात स्पष्ट लिहा. तसा कागद तयार केलात तर एक प्रत मला पाठवा. सातारच्या त्या आईंच्या अकादमीलाही मी ती पाठवीन.